दोघांपेक्षा महाग एकटी

रागावणं हा माझा धंदाच आहे. मी मोटार शिकवते. शेजारच्या सीटवर बसून दिवसभर "ब्रेक, ब्रेक, अहो ब्रेक!" असं ओरडायचं आणि घरी येऊन गरम पाण्याने घसा शेकायचा, यात माझं अर्धं आयुष्य गेलं. पण तो राग गाडीतून उतरलं की उतरतो. बोटीवरच्या वहिनीच्या खोलीचा राग मात्र अजून तसाच आहे, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

वहिनी म्हणजे माझ्या सख्ख्या मोठ्या भावाची बायको. पडदे शिवते. लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजायच्या, घरी येऊन मशीनवर बसायचं, आणि पडदा लावून झाला की दोन पावलं मागे जाऊन मान तिरकी करून बघायचं. पडदा बोटभर आखूड झाला तर गिऱ्हाईकाच्या लक्षात यायच्या आत ही स्वतःच सांगणार, "बाई, हा चुकलाय, मी उसवून परत देते." मी तिला कितीदा म्हटलं, "अगं, त्यांना कळलंही नसतं." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "मला कळलंय ना." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. उभा जन्म अंधाऱ्या विहिरीत लोंबकळत काढला त्याने, वर तारा आणि खाली खड्डा. त्यांच्या घरालाही खिडकी अशी एकच, आणि ती उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत. इतकी जवळ की हात लांब केला तर तिच्यावर खिळा ठोकता येईल. सगळ्या गावाच्या खिडक्या सजवणाऱ्या वहिनीने स्वतःच्या खिडकीला पडदा कधी लावलाच नाही. म्हणायची, "भिंतीपासून काय लपवायचं?"

तर निवृत्त झाल्यावर दादाच्या डोक्यात बोटीचं खूळ शिरलं. मोठ्या बोटीने आठवडाभर समुद्रात फिरायचं, आणि खोली खिडकीचीच हवी. आयुष्यात त्या माणसाने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. मी दोघांना घेऊन बुकिंगच्या ऑफिसात गेले. काचेच्या टेबलामागे एक गुळगुळीत दाढीचा माणूस बसला होता, आम्ही त्याला पुढे बोटवालाच म्हणायला लागलो. त्याने कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला आणि वहिनीने चष्मा लावून बघितलं, तर खिडकीची खोली बिनखिडकीच्या खोलीपेक्षा स्वस्त.

"हे उलटं कसं?" वहिनीला लगेच संशय आला. "काच फुटकी आहे का?"

बोटवाला हसला. "नाही हो मॅडम. आतल्या खोल्या स्वस्त म्हणून जो तो आधी त्याच मागतो. त्या संपत आल्या की त्यांचा भाव चढतो. मग खिडकीच्या पडून राहतात, त्यांचा उतरतो. आज हा भाव आहे, उद्या कुठला असेल मलाही सांगता येणार नाही. शिवाय सध्या दुसऱ्या माणसाला निम्मा दर आहे."

"म्हणजे हिला निम्म्यात नेता येईल?" दादाने वहिनीकडे बोट दाखवलं. "मग घ्याच! इतकी स्वस्तात ती लग्नातही पडली नव्हती." वहिनीने त्याला कोपराने ढोसलं. पैसे तिथेच भरले, सगळे. परतीच्या वाटेवर दादा माझ्या शिकाऊ पाटीच्या गाडीत मागे बसून लहान मुलासारखा विचारत होता की खिडकी गोल असते की चौकोनी.

बोट निघायला दीड महिना उरला होता आणि दादा गेला. सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकला तो उठलाच नाही.

वहिनी रडली ती दोन दिवस. मग उठली आणि सांगत सुटली. गेलेल्या माणसाच्या नावावर काही ठेवायचं नाही, हा तिचा हट्ट. बँकेत सांगितलं, विजेच्या ऑफिसात सांगितलं, लायब्ररीत त्याची अर्धी वाचलेली दोन पुस्तकं नेऊन दिली, न्हाव्याच्या दुकानात जाऊनसुद्धा सांगून आली की आता ते येणार नाहीत. आणि कोणाला न विचारता बोटवाल्यालाही फोन केला. "आमच्याकडचं एक माणूस कमी झालंय. मी एकटीच येणार. ह्यांची खूप इच्छा होती, म्हणून मी ती खिडकी बघून येणार आहे. तेवढं ह्यांचं नाव कमी करा."

त्याने नाव कमी केलं आणि पैसे वाढवले.

वहिनीला वाटलं आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. मला फोन आला तेव्हा मी एका डॉक्टरीणबाईंना गाडी मागे घ्यायला शिकवत होते. ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरीणबाईंना तिथेच रिक्षात बसवलं, वहिनीला उचललं आणि ऑफिस गाठलं.

"नीट समजावून सांगा," मी बोटवाल्याला म्हटलं. "दोघांचे भरले होते. आता एक जण जाणार. पैसे परत देताय की अजून मागताय?"

"मॅडम, बोटीवर खोली दोन माणसांच्या हिशोबाने विकतात. एकटं माणूस आलं तरी दोघांचे द्यावे लागतात. आणि निम्म्या दराची सवलत दोघांसाठी होती. दोघं नाहीत, तर सवलत नाही. मग आजच्या दराने पूर्ण दोन भाडी."

"दोघांचे का? माणूस तर एकच आहे!"

"दुसरं माणूस असतं तर त्याने तिथे काहीबाही खर्च केला असता, खाल्लं-प्यायलं असतं. ते कंपनीचं नुकसान."

"जो माणूस जेवणार नाही त्याच्या न खाल्लेल्या घासाचे पैसे घेताय तुम्ही?" माझा आवाज एवढा चढला की पलीकडच्या टेबलावरचं नवं जोडपं उठून उभं राहिलं. "माझा भाऊ मेला त्याचा तुम्हाला नफा? लाज नाही वाटत?"

बोटवाला पाणी प्यायला. वाईट माणूस नव्हता, हेही मला चीड आणणारंच होतं. वाईट असता तर कॉलर तरी धरली असती. तो म्हणाला दर मशीन ठरवतं, ते आमच्या कोणाच्या हातात नसतं. म्हणजे माणसाकडे जावं तर तो मशीनकडे बोट दाखवणार, आणि मशीनच्या कानाखाली वाजवता येत नाही.

वहिनीने चष्मा लावून कॉम्प्युटरवरचे आकडे परत वाचले. मग तिने हळूच विचारलं, "म्हणजे हे असते तर दोघांना मिळून कमी पडलं असतं, आणि ते नाहीत म्हणून मला एकटीला जास्त?"

"हो, मॅडम."

"आणि मी तुम्हाला सांगितलंच नसतं तर?"

बोटवाल्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू? तुम्ही कळवलंतच कशाला? निघायच्या दिवशी एकट्या येऊन उभ्या राहिला असतात, तर एक जण आला नाही एवढीच नोंद झाली असती. एक पैसाही जास्त लागला नसता."

वहिनीचा चेहरा मी बघितला. दादा गेला त्या सकाळीही तो तसा झाला नव्हता. खरं बोलल्याबद्दल थोबाडीत बसली होती तिला, आणि मारणारा काळजीपोटी मारल्याचा आव आणत होता.

"अजून एक उपाय आहे," तो म्हणाला. "दुसरं कोणीतरी न्या. ह्या ताईंचं नाव घालू. दोघी गेलात तर जुनाच दर धरून देतो मी."

"घाला माझं नाव," मी म्हटलं. मला तर सुटका झाल्यासारखं वाटलं.

"नको," वहिनी म्हणाली.

गाडीत आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी तिला वेडी म्हटलं, हट्टी म्हटलं, त्या लुटारूंचे खिसे भरणारी म्हटलं. ती समोर बघत म्हणाली, "तुझ्यावर माझा राग नाही. पण ह्यांच्या जागी कोणालातरी बसवलं की भाव उतरतो, हे मला ऐकवत नाही. ते नाहीत त्याचे पैसे मागतात ना? मग देते. पण जागा रिकामी ठेवूनच देते." रागात मी लाल सिग्नल तोडला, मी, जी लोकांना सिग्नल शिकवते.

वरच्या पैशांसाठी तिने एका हॉटेलच्या सगळ्या खोल्यांचे पडदे शिवायला घेतले. महिनाभर त्या घरात शिरलं की पायाखाली कापडच कापड. मी पैसे देऊ केले तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पर्स बंद केली आणि अस्तर कापायला बसले. कापताना मी कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वहिनी म्हणाली, "कात्री नीट धर, सुतासुताने वाकडी जातेय."

ती गेली आणि आठवड्याने आली. मी बंदरावर गाडी घेऊन उभीच होते. ती मागे बसली, दादा बसायचा त्या जागेवर, आणि मी आरशातून तिच्याकडे बघत तिला घरी आणलं. घरी पोचल्यावर बोलली.

"खोली आवरायला एक बाई यायची. पहिल्या दिवशी विचारलंन, दुसरं माणूस नाही तर दुसरी खाट काढून टाकू का, जागा होईल. मी म्हटलं, हात लावायचा नाही. पैसे भरलेत त्या खाटेचे. रोज दोन चादरी बदलायच्या, दोन टॉवेल ठेवायचे आणि सकाळी दोन चहा आणायचे. ती घाबरलीच बिचारी. मी इतकी खेकसले तिच्यावर."

वहिनी खेकसली! मला विश्वास बसेना.

"मग तिला सांगितलं, असं का ते. त्यानंतर न विचारता दोन खुर्च्या खिडकीपाशी ओढून ठेवायची ती."

"खिडकी कशी होती?"

"चौकोनी. आणि पडदा बोटभर आखूड. तेही सांगितलं मी त्यांना."

"अगं, परत सांगितलंस? अजून अक्कल नाही आली तुला?" मी ओरडले. डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी ओरडलेच.

तिने माझ्याकडे लक्ष दिलं नाही. बॅगेतून न वापरलेले साबण काढले, दोन होते, एक माझ्यापुढे ठेवला. "ह्यांचा चहा रोज गार व्हायचा," ती म्हणाली. "पण एकदाही टाकला नाही. मीच प्यायले."