दोधूबाबांच्या मंडपात कुणी बोलत नाही

धुळे-जळगाव एसटीचे जुने प्रवासी अजून विचारतात, "तो गाणारा कंडक्टर कुठे गेला हो?" गाडी एरंडोलला लागली की पितांबरनाना नुसते ओरडत नसत, चालीत म्हणत, "एरंडोऽऽल, उतरा होऽऽ!" लोकांना वाटे, माणूस मोठा हौशी. खरी गोष्ट अशी, की नाना तोतरे. सरळ म्हणायला जावं तर "ए-ए-ए" करेपर्यंत गाडी स्टँडबाहेर. चाल लावली की शब्द मोकळा सुटे. ही युक्ती त्यांना लहानपणी मंडपात सापडली होती.

मंडप दोधूबाबांच्या पंथाचा. पंथ लहानसा, आपल्या खानदेशापुरता, पण नियम जगावेगळा. आत पाऊल टाकलं की बोलायचं नाही, जे काय ते गाऊन सांगायचं. गाऱ्हाणं गाऊन, नवस गाऊन; चप्पल हरवली तर तीही गाऊनच शोधायची! का, तर म्हणे नाद हाच देव. नाना मान डोलावत, पण आतून काही पटत नसे.

निवृत्त झाल्यावर ते बाबांचं चरित्र लिहायला बसले. छापील चरित्र एक होतं. त्यात चमत्कार पोत्यानं भरलेले, माणूस मात्र औषधालाही नाही. बाबा काय खात, कुणावर चिडत, हे कोण सांगणार? नानांनी बोदवडपासून चाळीसगावपर्यंत पंथातली जुनी घरं पालथी घातली. परक्यांपुढे तोंड उघडायची लाज, म्हणून सून नूतन बरोबर असे. प्रश्न ती विचारी. नाना हात जोडून बसत आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग लावत.

चाळीसगावजवळच्या एका खेड्यात कमलबाई भेटल्या. नव्वदीच्या पुढच्या, पण आवाज खणखणीत. त्यांच्या आजेसासूनं बाबांना आपल्या हातानं जेवू घातलेलं.

"बाबा बोलाले लागनात का शब्द तोंडमा अटके," कमलबाई म्हणाल्या. "लोके तोतऱ्या दोधू म्हनेत. गावाले लागनात का मंग पानीमायक वाहे. म्हनीसन बाबानी सांगं, आठे बठ्ठा गाईसनच बोला. कोन अडकस, कोन नही, कोनलेच समजनार नही."

"म्हणजे गाताना बाबा अडखळत नसत, आणि तोतरा कोण ते कळूच नये म्हणून सगळ्यांनीच गायचं? आजी, हे आजवर कुणी लिहिलं कसं नाही?" नूतननं विचारलं.

"कोन्ही इचारंच नही, माय."

परतीच्या गाडीत नाना ढसाढसा रडले. सून घाबरली. पण ते रडणं दुःखाचं नव्हतंच. आयुष्यभर ज्याची लाज बाळगली, ते बाबांकडेही होतं. आणि बाबांनी त्यावर केवढा पंथ उभा केला होता!

पंथाचे अध्यक्ष प्रेमराजभाऊ मात्र भडकले. "नाना, तुमचं व्यंग बाबांना चिकटवू नका. जग हसेल आपल्याला." रेकॉर्डिंग ऐकून घ्यायलाही ते तयार होईनात. शेवटी ठरलं असं, की उत्सवात नानांनी मंडळींपुढे मांडावं. मंडळींनी मानलं तरच तो भाग पुस्तकात जाईल. नूतननं गुपचूप गाडी पाठवून कमलबाईंना आणवलं.

उत्सवाच्या दिवशी नाना उभे राहिले. मंडपात त्यांच्यासारखा गळा कुणाचा नव्हता. गायले असते तर त्यांचं अडखळणं कुणाला कळलंही नसतं; बाबांनी ती सोय करूनच ठेवली होती. नानांनी एकदा बाबांच्या तसबिरीकडे पाहिलं आणि चाल बाजूला ठेवली.

"बा-बा-बाबा मा-मा-माझ्यासा..."

मंडप गारठला. जन्मात इथे कुणी बोललं नव्हतं. प्रेमराजभाऊ तरातरा उठले खरे, पण पंचाईत अशी, की ओरडायचं तर त्यांनाही गाऊनच ओरडायला हवं, आणि गळा पक्का बेसूर. ते सूर धुंडाळत उभे राहिले.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं कमलबाई उठल्या. नियमबियम कसला, थेट बोलल्या.

"अस्संच! मन्ही आजलसासू अशीच नक्कल करे. बाबा अस्संच बोलेत!"

कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. प्रेमराजभाऊ सावकाश खाली बसले आणि बसल्या बसल्या त्यांचे हात जोडले गेले.

नानांचं वाक्य अजून अर्धंच होतं. सगळा मंडप त्या उरलेल्या शब्दांसाठी थांबून राहिला, आणि नानांनी ते अडखळत, ताठ मानेनं, जराही घाई न करता पूर्ण केलं.