तिसऱ्या मजल्यावरची गरम खुर्ची

किल्लीवालीचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असायचा, आणि तिच्या कुलपाविषयी कुणी शंका काढली की तो तिथून उतरायचं नाव घ्यायचा नाही. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, दोन्ही हात पसरले की भिंतींना लागतील एवढी. त्यात किल्ल्या कापायचं यंत्र, वडिलांचं भिंग आणि एक मोठा बिस्किटांचा डबा. लोकांच्या बदललेल्या कुलपांच्या जुन्या किल्ल्या ती त्या डब्यात टाकायची. नवरा म्हणायचा, घरातलं मीठ संपलेलं हिला चार दिवस कळत नाही, पण शेजारच्या दारात किल्ली अडखळली की हिचा घास अडकतो.

धंदा वडिलांचा, आणि रीतही त्यांचीच. दाराच्या कुलपाच्या पोटात पाच पिना असतात. प्रत्येकीची उंची एक ते सहामधली कुठलीही ठेवता येते, आणि त्या उंच्यांप्रमाणे किल्लीचे दात कापायचे. वडिलांनी सांगून ठेवलं होतं की हे आकडे कागदावर उतरवायचे नाहीत, कारण कागद कधी ना कधी चोराच्या हाती लागतो. मनाला येतील ते पाच आकडे घ्यायचे, किल्ली कापायची आणि विसरून जायचं. ती तसंच करत आली होती आणि आपल्या विसरण्याचा तिला अभिमान होता. समोरच्या मोठ्या इमारतीत चोरी झाली तेव्हा चाळीसच्या चाळीस दारांची कुलपं रहिवाशांनी तिच्याकडूनच बदलून घेतली, ती उगाच नाही.

त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बाई राहायच्या. शाळेतून निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी सगळे त्यांना बाईच म्हणत. दर गुरुवारी चार वाजता त्या वाचनालयात जात आणि पाच वाजून पाच-सात मिनिटांनी परत येत. गेले काही महिने परत आल्यावर खिडकीजवळची खुर्ची गरम लागत होती आणि ओट्यावर धुतलेला पेला उपडा ठेवलेला दिसत होता. चोरीला काही जात नव्हतं. बाईंनी एकदा कुलूप बदललं, मग दुसऱ्यांदा बदललं. खुर्ची गरमच.

तिसऱ्या वेळी किल्लीवाली वर गेली तेव्हा बाईंचा मुलगा आलेला होता. त्याने तिला जिन्यात गाठून हळू आवाजात सांगितलं की आईचं डोकं आता ताळ्यावर नाही, स्वतःच पेला धुते आणि विसरते. येत्या रविवारी तो तिला वृद्धाश्रमात नेणार होता, फॉर्म भरून झाला होता, फक्त सही बाकी होती. तोवर किल्लीवालीने कुलूप बदलल्यासारखं करावं, म्हणजे आई शांत राहील.

‘बदलल्यासारखं’ हा शब्द तिला झोंबला. ती तरातरा आत गेली. बाई नुकत्याच वाचनालयातून आल्या होत्या, पुस्तकाची पिशवी अजून खांद्यावर होती. त्या खुर्चीकडे बघत उभ्या होत्या. किल्लीवालीने गादीवर हात टेकवला. गादी उबदार होती, माणूस आत्ताच उठून गेल्यासारखी.

तिच्या अंगावर काटा आला. पण भीतीपेक्षा तिला राग जास्त आला, कारण कुणीतरी तिचं कुलूप उघडत होतं. मुलगा मात्र दारातूनच म्हणाला की खिडकीतून ऊन येतं, आणि निघून गेला. खिडकी उत्तरेची होती.

दुसऱ्या दिवशी चार वाजता बाईंनी बाहेरून दार लावल्यावर तिने मेणबत्तीची काजळी किल्लीच्या भोकातून आत फुंकली आणि बाईंना मुद्दाम तासभर फिरायला पाठवलं. बाई परत आल्या, पण किल्ली लावण्याआधी तिने विजेरी धरून भिंगातून भोकात पाहिलं. चोराची तार फिरली असती तर ओरखडे दिसले असते. इथे काजळी दातांच्या मापाने अगदी सरळ पुसली गेली होती. दार किल्लीनेच उघडलं होतं, आणि दोन्ही किल्ल्या बाईंच्या पर्समध्ये होत्या. तिने प्रामाणिकपणे मुलाला फोन करून हे सांगितलं. मुलगा म्हणाला, बघा, म्हणजे आईच मागे येऊन उघडते. भलं करायला गेली आणि बाईंच्याच पायावर धोंडा मारून बसली.

हातात एकच दिवस उरला होता. शनिवारी दुपारी तिने बाईंना बाहेरून कुलूप लावून जायला सांगितलं आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दाराआड स्टुलावर बसली. मांडीवर वडिलांची जाड कानस होती. घर इतकं शांत होतं की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मोठा वाटायला लागला. सव्वाचार झाले. जिन्यावर पावलं वाजली, सावकाश, मध्ये थांबत. मग कुलपात किल्ली शिरली.

किल्ली अडखळली नाही. दुसऱ्या कुणाला त्यात काही वाटलं नसतं, पण तिने कानावरूनच ओळखलं, ती किल्ली त्याच कुलपाच्या मापाची होती.

आत आले ते चौथ्या मजल्यावरचे आजोबा. त्यांनी चपला काढून भिंतीशी नीट लावल्या, पाणी प्यायले, पेला धुऊन उपडा ठेवला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. ती दाराआडून बाहेर आली तसे तिच्याकडे वळून म्हणाले, “आज लवकर सुटलीस?” त्यांना ती सून वाटली होती.

“हो, बाबा,” ती म्हणाली. “जरा किल्ली बघू तुमची.”

घड्याळात पाचचे ठोके पडले तसे आजोबा उठले. ती त्यांना हाताला धरून वर सोडून आली, तेव्हा बराचसा उलगडा झाला. त्यांना हल्ली मजला लक्षात राहत नव्हता. बाई घरात असल्या की आतून कडी असायची, किल्ली फिरली तरी दार उघडायचं नाही, मग ते आणखी एक मजला चढून घरी जायचे. बाई बाहेर असल्या की दार उघडायचं. सुनेला वाटायचं, बाबा फिरायला गेलेत. ती बिचारी हे ऐकून पायरीवरच बसली.

एक गोष्ट मात्र उरली होती. आजोबांची किल्ली बाईंच्या दाराला लागत कशी होती? दुकानात येऊन तिने डबा उपडा केला. बाईंच्या आधीच्या दोन किल्ल्या शोधल्या, शेजारी नवी ठेवली, त्याशेजारी आजोबांची. चारही किल्ल्यांचे दात एकमेकींवर तंतोतंत बसत होते. तिने तिसऱ्यांदा भिंग पुसलं. मनाला येतील ते आकडे म्हणून तिचा हात दर वेळी तेच पाच आकडे कापत होता, आणि विसरण्याचा अभिमान बाळगणाऱ्या तिला ते कळलंही नव्हतं. त्या दातांकडे बघता बघता तिला ते ओळखीचे वाटायला लागले. कमरेला खोचलेली किल्ली काढून तिने पाचवी म्हणून ओळीत ठेवली. ती तिच्या स्वतःच्या घराची होती. वडिलांच्या हाताखाली तिने कापलेली पहिली किल्ली.

स्वतःच्याच घरात शिरायची सोय ती वर्षानुवर्षं लोकांना कापून देत होती. गप्प बसणं सोपं होतं. बाईंना नवं कुलूप बसवून द्यायचं, बाकी कुणाला काही कळलं नसतं. पण आजोबांचं तेवढं सांगितलं तर मुलगा काय म्हणेल हे तिला पाठ होतं, आईनेच किल्ली दिली आणि विसरली. बाईंचं घर वाचायचं तर स्वतःचं नाव बुडवायला हवं होतं. तिने पाचही किल्ल्या रुमालात बांधल्या.

रविवारी मुलगा फॉर्म घेऊन आला, तेव्हा बाईंना आतली कडी काढून ठेवायला सांगून ती दाराबाहेर उभी होती. तिने त्याच्या हातात एक किल्ली दिली आणि दाराला लावायला सांगितली. दार उघडलं.

“ही आईची दुसरी किल्ली ना?”

“माझ्या घराची आहे,” ती म्हणाली. “चूक माझी आहे. तुमच्या आईचं डोकं ठिकाणावर आहे, माझा हात नव्हता.”

तिने सगळं सांगितलं, आजोबांचंही. मुलाने ऐकून घेतलं, पण फॉर्म हातातून सोडला नाही. आजोबांचं ठीक आहे, म्हणाला, पण वय झालंय, आई विसरतेच. किल्लीवाली वाद घालत बसली नाही. तिने कुलूप खोललं, खिशातून आपल्या मुलीच्या खेळातला फासा काढला आणि बाईंपुढे धरला. यापुढे आकडे तिच्या मनाचे नाहीत. बाईंनी पाच वेळा फासा टाकला, मुलगा बघत होता, तिने पिना भरल्या. मग यंत्रावर किल्ली कापायला ती दुकानात गेली. तिथे गिऱ्हाईक आडवं आलं आणि परत यायला तास लागला.

किल्ली फिरेना. तिसरा दात अडत होता.

“तिसरा आकडा काय आला होता?” तिने मुलाला विचारलं. मुलगा आठवू लागला. चार म्हणाला, मग दोन म्हणाला.

बाई खिडकीजवळच्या खुर्चीत पुस्तक वाचत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“पाच, एक, सहा, सहा, तीन,” त्या म्हणाल्या. “तिसरा सहा.”

किल्लीवालीने कानशीने तिसरा दात नीट केला. किल्ली फिरली. मुलाने फॉर्मची घडी घातली आणि खिशात ठेवला. तिने फासा उचलला आणि समोरच्या दाराची घंटा वाजवली. अजून एकोणचाळीस दारं बाकी होती, आणि शेवटी तिचं स्वतःचं.