आईची निवडणूक

मुलीला बॅडमिंटनला सोडायला इंग्लंडमधल्या लीड्सच्या स्पोर्ट्स सेंटरमध्ये गेले, की हॉलच्या रबरी फरशीचा वास येतो आणि मला आईची निवडणूक आठवते. हॉस्पिटलला जाणारी बस बंद झाली, म्हणून ती इथल्याच आमच्या छोट्या शहरात मेयरपदासाठी उभी राहिली होती. अशाच एका हॉलमध्ये मतमोजणी झाली आणि आई हरली.

इथे निकालानंतर हरलेल्या उमेदवारांनाही दोन शब्द बोलायचे असतात. साडीवर कार्डिगन घातलेली आई माइकपाशी गेली आणि निवडून आलेल्या गृहस्थांना शांतपणे म्हणाली, "अभिनंदन. आता ती बस तुमची जबाबदारी. सोमवारी मी विचारायला येते."

हॉल आधी हसला, मग टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत त्या गृहस्थांची माणसंही होती.

"अगं, हरलीस तू," बाबा हळूच म्हणाले.

"हो. पण पेशंट अजून चालतच जातायत ना?"

तेव्हा मला नुसतं रडू येत होतं. आज वाटतं, त्या हॉलमध्ये मेयरसारखं बोललं ते एकच माणूस, माझी आई. ती सोमवारी खरंच गेली, त्यानंतरच्या सोमवारीही गेली. बस पुन्हा सुरू झाली, तेव्हा पहिल्या फेरीला मेयरनी स्वतः खिडकीजवळची सीट तिच्यासाठी धरून ठेवली होती.