गिट्टीवरची टिटवी

"मॅडम, गिट्टीले हात नोका लावू."

सकाळचे आठ. मिक्सर रिकामाच घरघरत होता आणि मुकादम सुखदेवभाऊ दोन्ही हात पसरून गिट्टीच्या, म्हणजे खडीच्या, ढिगासमोर उभे होते.

"काहून?" मी विचारलं. मी अकोल्याची, जठारपेठेत वाढलेली. ऑफिसात शुद्ध बोलते, पण डोकं फिरलं की 'काहून' बाहेर पडतं.

"टिटवीनं अंडे देल्ले ना वरतं."

ढिगाच्या माथ्यावर चार अंडी होती. ठिपकेदार, हुबेहूब गिट्टीच्या रंगाची. टिटवी घरटं बांधत नाही, खड्यांतच अंडी घालते. टिटवीबाईसाहेब शेजारी उभ्या राहून माझ्याच नावाने ओरडत होत्या.

मी तेव्हा डेप्युटी इंजिनिअर होते. धामणगाव रेल्वेच्या पुढे एका गावच्या नाल्यावर छोटा पूल चालला होता. शाळा नाल्यापलीकडे. दर पावसाळ्यात पोरांची शाळा बुडायची. मी गुरुजींना शब्द दिला होता, यंदा बुडणार नाही. फक्त वरचा स्लॅब राहिला होता. ओल्या काँक्रीटला पेलायला खाली टेकू आणि पाट्या लावतात, त्याला सेंट्रिंग म्हणतात. आमचं सेंट्रिंग नाल्याच्या पात्रात उभं होतं, गिट्टीचा ढीगही तिथेच. स्लॅब पक्का होण्याआधी पाणी आलं, तर टेकू, पाट्या आणि माझा शब्द, सगळंच वर्धा नदीत.

"टिटवीनं उंचावर अंडे देल्ले का त्या साली पानी लय," सुखदेवभाऊ म्हणाले. "अन् लवकर. आमचा आबा सांगे."

"मग स्लॅब आजच टाकू."

"टाकाच लागते, मॅडम."

"मग उचला गिट्टी."

"थे नाई जमत."

म्हणजे घाई करा असं सांगणारी टिटवीच, आणि अडवून बसलेलीही तीच. माझ्या मोबाइलमधलं अ‍ॅप पंधरा दिवस कोरडं दाखवत होतं. पण त्याच अ‍ॅपने आदल्या दिवशी भर उन्हात हलका पाऊस पाडला होता, त्यामुळे त्याच्याही नादी लागण्यात अर्थ नव्हता.

अमरावतीला साहेबांना फोन लावला.

"साहेब, आजचा स्लॅब उद्यावर."

"कारण?"

"टिटवीने अंडी घातलीत."

त्यांनी ते मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "मॅडम, हे मी वर कसं लिहू?"

"गिट्टी कमी पडली असं लिहा."

"पडली आहे का?"

"पडेल," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

माझी कोंडी सुखदेवभाऊंच्या बायकोने, कमलबाईंनी सोडवली. "त्यात काय मॅडम? आमचा बाप वखर हाके. टिटवीचे अंडे दिसले का बाजेएवढी जागा सोडे अन् बाकीचं वावर वखरे. तिचं तिले, आपलं आपल्याले." हे ऐकून मला सुखदेवभाऊंचाच राग आला. अर्धी गोष्ट सांगून त्यांनी माझी सकाळ घालवली होती.

अंड्यांभोवती बाजेएवढं रिंगण आखलं. उरलेला ढीग टेपने मोजला. स्लॅब एका दमात टाकावा लागतो, मध्ये थांबला तर सांधा राहतो, म्हणून आधी सगळा माल मोजतात. मोजला आणि मी गार पडले. टिटवीच्या वाट्याला गेली होती जेमतेम दहा-बारा घमेली. गिट्टी कमी होती ती दोन ट्रॉल्या! साहेबांना मारलेली थाप खरी निघाली.

मी गिट्टी राखायला ठेवलेल्या चौकीदाराकडे पाहिलं. तो आभाळाकडे पाहत होता.

तमाशा बघायला अर्धं गाव जमलं होतंच. कमलबाईंनी पदर खोचला. "आइका रे! पूल तुमच्याच पोराईसाठी हाय. पाखरानं आपला वाटा घेतला, एक खडा जास्त नाई. ज्याच्या ज्याच्या आंगनात गिट्टी चालत गेली, त्यानं आनून टाका. टिटवीच्या समोर टाका!"

लोक एकेक करून घरी निघून गेले. मला वाटलं, झालं, बुडाली यंदाही शाळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिट्टी येऊ लागली. घमेल्यातून, पोत्यातून, एक तर बैलगाडीतून. काही खड्यांना शेण लागलेलं, काहींना रांगोळी. गुरुजींनीही मान खाली घालून दोन घमेली आणली. म्हणाले, झेंड्याच्या खांबाभोवती चिखल व्हायचा. चौकीदाराच्या फेऱ्या सर्वांत जास्त झाल्या. थोडी गिट्टी भलतीच जाडजूड होती, रुळांखाली असते तशी. ती स्लॅबला चालत नाही. मी बाजूला ठेवायला सांगितली आणि कुठून आली ते विचारलं नाही.

मोजलं तर गेली त्यापेक्षा जास्त परत आली होती. सगळी धुऊन घेतली. दुपारी स्लॅब टाकला. टिटवीने तीनदा माझ्या हेल्मेटवर झेप घेतली, पण अंडी सोडून गेली नाही.

आणि पाऊस? उशिरा आला, आणि आला तोही मरतुकडा.

"काय सुखदेवभाऊ, तुमचा आबा चुकला की," मी म्हटलं.

"आबा कायले चुकते? ढीग होता कुठी? नाल्यात. नाल्यात अंडे देल्ले का पानी कमीच."

मी वाद घातला नाही. सेंट्रिंग वेळेवर निघालं होतं, पिल्लं त्याआधीच चालत निघून गेली होती, आणि त्या वर्षी शाळा एक दिवसही बुडली नाही.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत साइटवर गिट्टी पडली, की मी आधी ढिगाच्या माथ्यावर टिटवी शोधायचे. चौकीदार फार तर आहे ती गिट्टी राखतो, तीही जमलं तर. गेलेली परत आणवणारी मला नोकरीत तीच एक भेटली.