ओदिलची उचकी

ओदिल केर्तेमोंला गाण्यात कुणीच आपली म्हणेना. बेल्जियममधल्या लिएज शहराचे जॅझवाले म्हणत, "बाई, हे पॉप आहे. फार गोड आहे." पॉपवाले म्हणत, "चाल मध्येच कुठल्या तरी बोळात शिरते. नाचायचं कसं?" आणि तिला लहानाची मोठी करणारी फेर्नांद मावशी म्हणे, "एक ना धड, भाराभर चिंध्या!"

दिवसा ओदिल उई गावातल्या जनावरांच्या डॉक्टरकडे फोन घ्यायची. गाण्यांचे शब्द तिला तिथेच सापडत. कुणाचा बोका रुसलेला, कुणाची गाय शेजाऱ्याच्या दारातून हलत नसलेली.

"अगं, जरा प्रेमबिम घाल की गाण्यात!" मावशी करवादायची. "बोक्यावर कोण भाळणार?"

म्हणून नामूरच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी ओदिलने एक प्रेमगीत लिहिलं. रविवारची दुपार, नदीकाठचा मंच. मावशीने डबा भरून गोड रश्शातले मांसाचे गोळे आणले होते. "रिकाम्या पोटी आवाज फुटत नाही," असं म्हणत तिने भाचीला उभ्याउभ्या चार गोळे भरवले, वर फसफसणारं लिंबूपाणी पाजलं.

पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीला, "मी तुझी वाट बघते," असं म्हणताना ओदिलला सणसणीत उचकी लागली. ड्रम वाजवणाऱ्या लांबेरला वाटलं, हिने ऐनवेळी ताल बदलला. त्याने पुढच्या उचकीवर झांज हाणली. बास गिटारवाल्या सेर्व्हेने तर डोळेच मिटून घेतले. त्याला समाधी लागली. तिसऱ्या कडव्यापर्यंत अख्खा नदीकाठ उचक्या देत होता. परीक्षकांतला म्हातारा सॅक्सोफोनवाला खुर्चीवरून उठला. "चाळीस वर्षं मी हीच जागा शोधतोय!" असं म्हणून त्याने डोळे पुसले. पहिलं बक्षीस ओदिलला.

गाणं रेडिओवर गाजलं. आता जॅझवाले म्हणू लागले, ती आमची. पॉपवाले म्हणू लागले, छे, आमची. पंचाईत एवढीच की उचकी काही सांगून येत नाही. प्रत्येक कार्यक्रमाआधी मावशी गोळे भरवी, लांबेर तिला पळत जिने चढायला लावी, सेर्व्हे फसफसणारं लिंबूपाणी घटाघटा प्यायला सांगी. ओदिलचं वजन वाढलं, उचकी येईना. शेवटी ती खोटी उचकी देऊ लागली.

शार्लरुआच्या सभागृहात पुढच्या रांगेतले एक आजोबा उठून ओरडले, "नकली आहे! माझ्या बायकोला खरी लागते, मला कळतं!"

सभागृह हसू लागलं. लांबेरच्या हातातली काडी खाली पडली. ओदिलचे कान तापले. मग तिचं तिलाच हसू आलं.

"हो आजोबा, नकली आहे," ती माइकवर म्हणाली. "दोन वर्षं नकलीच देतेय. दमले हो मी! आता बसा, रुसलेल्या बोक्याचं ऐका."

आणि तिने ते गाणं म्हटलं. चाल दोनतीन बोळांत शिरली, परत आली. कुणी नाचलं नाही, पण कुणी खोकलंही नाही. गाणं संपल्यावर आजोबा टोपी हातात घेऊन थेट मंचापाशी आले.

"पोरी, आमची मांजर अगदी अश्शीच बसते. भिंतीकडे तोंड करून. चार दिवस झाले. काय करू?"

ओदिलच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "मंगळवारी साडेनऊला घेऊन या. टोपलीत आणा, उपाशीपोटी."

टाळ्या पडल्या त्या याला. बोक्याचं गाणं रेडिओवर फारसं वाजलं नाही. पण पुढल्या उन्हाळ्यात आर्देनमधल्या गुरांच्या जत्रेचं बोलावणं आलं. तिथे ओदिलने गायीचं गाणं सुरू केलं, तर बक्षीस मिळालेली गाय मध्येच हंबरली. सेर्व्हेने मुकाट्याने बास त्या सुरात लावला आणि सगळे गायीच्या सुरामागोमाग गेले. शेतकरी बेहद्द खूश झाले.

मावशी मात्र पहिल्या रांगेत गाल फुगवून बसली होती. "गायीचा सूर बरा आहे," ती शेजारणीला म्हणाली, "पण शब्द कळत नाहीत."