‘मले’चं झालं ‘मेले’

दिवाळीच्या थोडं आधी, एका मंगळवारी सकाळी मी वारले. मला हे दुपारी कळलं.

तशी माझी तब्येत ठणठणीत होती. चहाबरोबर टोस्ट खाल्ले होते, मेथी निवडली होती, सुनेशी एकदा वाजलंही होतं. (म्हणजे सगळं रोजच्यासारखंच.) तरी गावोगावच्या माणसांनी मला हात जोडून निरोप दिला. एकीने तर माझ्या डोक्यामागे तेजाचं वर्तुळ काढलं, जे आजवर घरच्या कोणालाही दिसलं नव्हतं! या सगळ्याला कारण माझी जीभ. ती नागपूरची आहे आणि फोनला नागपूरचं कळत नाही.

आधी माझ्या नातीचं सांगते. सायली चित्रं काढते. कागदावर नाही, विजेच्या पाटीवर. त्या पाटीवर पेनाने रेघ ओढली की ती कॉम्प्युटरमध्ये उमटते. चुकलं की एक बटण दाबायचं, चूक गायब! (माझ्या लग्नाच्या वेळी असलं बटण नव्हतं.) हे ती कुठल्या शाळेत शिकली नाही. फोनवर एक ग्रुप आहे, ‘रेघोट्या’ नावाचा. कुठकुठली चित्रं काढणारी माणसं त्यात आहेत. आपलं चित्र तिथे टाकायचं, बाकीच्यांनी नाक वाकडं आहे, कोपर उलटं आहे असं सांगायचं, आणि आपण वाईट वाटून घ्यायचं नाही.

मी म्हटलं, “एवढ्यासाठी फोन काहून पाहिजे वं? नाक वाकडं आहे, हे मी घरातच सांगीन.”

“आजी, तू मले वाकडं म्हणते, चित्राले नाही!”

त्याच ग्रुपातून तिला कामं मिळतात. त्या कामाला ती ‘कमिशन’ म्हणते. “आजी, मी कमिशन घेणं सुरू केलं,” असं तिने पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मी देवापुढे दिवा लावला आणि तिच्या बापाला फोन केला, की पोरगी दलालीत शिरली, लवकर ये.

तिचा बाप म्हणजे माझा मुलगा. बुटीबोरीला कंपनीत आहे. त्याने बजावून ठेवलं होतं, “दिवाळीपर्यंत एखादं धड काम मिळव, नाही तं बँकेच्या परीक्षेचा क्लास लाव.” आणि धड काम खरंच दारात आलं. ग्रुपच्या मोठ्या ताई, गार्गीताई, पुण्याला लहान मुलांची पुस्तकं काढतात. त्यांना एका आख्ख्या पुस्तकाची चित्रं पाहिजे होती आणि सायलीचं नाव जवळजवळ पक्कं झालं होतं.

नेमकं तेव्हाच तिच्या पाटीचं नवीन पेन शहराबाहेर वाडीच्या गोदामात येऊन अडकलं. मंगळवारी सकाळी ती स्कूटी घेऊन ते आणायला निघाली आणि घाईत फोन घरीच विसरली. सून बाजारात. घरात मी आणि फोन.

फोन टणटण करायला लागला. कुलूप कसं उघडतं ते मला माहीत होतं. (घरात मला सगळंच माहीत असतं.) चौथी पास आहे मी, वाचता येतं. चष्मा लावून पाहिलं, तर ग्रुपात गार्गीताईंनी विचारलं होतं, ‘सायली, पुस्तकाचं नक्की ना? लवकर सांग.’

इथे शहाणी बाई गप्प बसली असती. मी मदत करायला गेले.

सायली फोनशी बोलते आणि फोन लिहितो, हे मी पाहिलं होतं. मी ते माइकचं चित्र दाबलं, फोन तोंडाजवळ नेला आणि निघालेली बस थांबवताना ओरडावं तशी ओरडले, “मी सायलीची आजी! मले सांगा! काहून एवढी घाई?”

फोनने लिहिलं, ‘मी सायली आजी मेले सांगा कानून एवढी घाई’.

मी वरवर नजर फिरवली. एखादं अक्षर फोनने खाल्लं होतं, पण बाकी माल साधारण माझाच वाटला. बाण दाबला. गेला मजकूर, सगळ्या ग्रुपात!

मग जोडलेले हात यायला लागले. एकामागून एक, रांगच लागली. मला वाटलं, आजी बोलून राहिली हे कळल्यावर पोट्टे नमस्कार करताहेत. केवढे संस्कार! मीही शोधून शोधून प्रत्येकाला उलट हात जोडले. मग मेणबत्त्या आल्या. म्हटलं, तिकडे लाइट गेली असेल.

एकाने विचारलं, ‘अरे देवा! कधी? कुठे?’

आता मी आजी आहे हे सांगून झालं होतं. म्हणजे हा सायली कुठे गेली, तेच विचारत असणार. मी बोलले, “आत्ताच गेली. वाडीले.” फोनने हे मात्र शहाण्यासारखं लिहिलं, ‘आत्ताच गेली वाडीला’.

‘कशाने गेल्या?’

(पुण्याकडची माणसं चोवीस वर्षांच्या पोरीलाही अहोजाहो करतात, याचं मला कौतुक वाटलं.)

“स्कूटीने,” मी सांगितलं.

‘स्कूटीने??’

“हाव! अन् त्या रस्त्याने ट्रकच ट्रक! मी नको म्हटलं होतं, ऐकलं नाही.” फोनने ‘हाव’चं ‘हवा’ केलं, पण ट्रक सगळे बरोबर उतरवले.

यावर इतके रडके चेहरे आले की मलाही वाटलं, वाडीच्या ट्रकचा यांना फारच धसका आहे. एकीने लिहिलं, ‘या वयात स्कूटी चालवत होत्या! काय जिद्द!’ दुसऱ्याने विचारलं, ‘ते कानून काय आहे? पोलीस केस झाली का?’

“लायसन आहे,” मी ठणकावून सांगितलं.

शेवटी गार्गीताईंचा भला मोठा मजकूर आला. सुरुवात होती, ‘तू अजिबात काळजी करू नकोस.’ तिथपर्यंत वाचलं. डोळे दुखायला लागले होते. बाई काळजी करू नको म्हणते, म्हणजे काम झालं! मी त्याखाली ‘ठीक’चा अंगठा दिला, फोन ठेवला आणि समाधानाने वरणाला फोडणी घातली.

सायली पेन घेऊन आली ती गाणं म्हणतच. फोन हातात घेतला आणि गाणं बंद.

“आजी, तू मेली?”

“कधी?”

“सकाळी!”

“मले कोणी सांगतलं नाही.”

तिने मला गार्गीताईंचा मजकूर पूर्ण वाचून दाखवला. ‘तू अजिबात काळजी करू नकोस. पुस्तक मी दुसऱ्या कोणाला देते. तू आता घर सांभाळ. चालेल ना?’ आणि त्याच्या खाली माझा अंगठा.

तेवढ्यात सून आली. सगळं ऐकून तिने पदर तोंडावर धरला. मला वाटलं, रडते आहे. खांदे पाहिले तर हसत होती.

सायलीने घाईघाईने लिहिलं, ‘माफ करा, चूक झाली. माझी आजी जिवंत आहे.’

लगेच उत्तर आलं, ‘होतं असं. सुरुवातीला मन मानत नाही.’ आणखी एकीने लिहिलं, ‘रडून घे गं.’ तिसरीने माझं ते तेजाच्या वर्तुळाचं चित्र टाकलं. मला न बघताच काढलं होतं, त्यामुळे दिसायला मी बरी होते.

“फोटो पाठव माहा,” मी म्हटलं. “डोळ्यानं पाहतील तं पटन.”

मला अंगणात खुर्चीवर बसवलं. आशीर्वाद देतात तसा हात वर करायला लावला.

“आई, जरा हसा नं,” सून म्हणाली.

“मेलेलं माणूस हसते काय वं?”

“जिवंत आहे हेच तं दाखवायचं आहे!”

मी हसले. उजव्या हातात फोडणीचा चमचा होता, म्हणून डावा हात वर केला. इथे घात झाला.

त्या ग्रुपाचा एक नियम आहे, मशीनने काढलेलं काही टाकायचं नाही. आजकाल म्हणे कॉम्प्युटरला नुसतं सांगितलं की तो आपल्याआपण चित्र काढून देतो. त्याला एआय म्हणतात. हाताने काढणाऱ्यांना त्याचा भयंकर राग. संशय आला की ते आधी चित्रातल्या माणसाची बोटं मोजतात, कारण मशीनला बोटं जमत नाहीत, कमीजास्त होतात.

आणि माझ्या डाव्या हाताला सहा बोटं आहेत. जन्मापासून. सुईण म्हणाली होती, लक्ष्मीचं बोट आहे, पोरगी नशीब काढील.

ग्रुपात गदारोळ! ‘सायली, आजींचा एआय फोटो? शोभतं का?’ ‘डावा हात बघा, सहा बोटं!’ ‘मशीनने चमचापण वाकडा काढलाय!’ (चमचा खरंच वाकडा आहे. वीस वेळा सांगितलं सुनेला.) ‘दुःखात माणूस काय काय करतं!’ आणि शेवटी गार्गीताई, ‘सायली, मला फार वाईट वाटतंय, पण नियम सगळ्यांना सारखा. आज नीट खुलासा केला नाहीस, तर तुला ग्रुपमधून काढावं लागेल.’

आता मात्र पोरगी खरंच रडली. “आजी, काम तं गेलंच. आता ग्रुपही चालला. जे काही शिकली ते सगळं तिथंच शिकली मी.”

मला रडारड चालत नाही. मी म्हटलं, “लाव त्या बाईले फोन. तोंड दिसते नं, तो लाव.”

पडद्यावर गार्गीताई आल्या. कापलेले पांढरे केस, मोठा चष्मा. मला पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“नमस्कार. आपण कोण?”

“मी मेलेली.”

“राग मानू नका हं, पण आजकाल व्हिडिओसुद्धा खोटे करतात. चेहऱ्यासमोरून जरा हात फिरवता का? खोटा चेहरा असला की तो लगेच फाटतो.”

मी हात फिरवला. बाई पुटपुटत मोजायला लागली. सहावर अडकली, परत एकपासून सुरू.

माझा पारा चढला. “झाले मोजून? पाय दाखवू काय? तिथं पाच-पाचच आहेत! हे पाहा बाई, हे बोट मी मायच्या पोटातून आणलं, तुमच्या मशीनीतून नाही. मी ‘मले’ म्हटलं, तुमच्या भैताड फोननं ‘मेले’ लिहिलं, अन् त्याच्या सांगण्यावरून तुम्ही मले जाळून मोकळ्या झाल्या! एवढे हात जोडले, एवढ्या मेणबत्त्या लावल्या, पण घरी एक फोन करून कोणी इचारलं काय, की बाप्पा, म्हातारी खरंच गेली का हाये? अन् गेली असती तं स्कूटीवर गेली असती? मले सायकल नाही येत!”

सायलीने कपाळाला हात लावला. सून स्वयंपाकघरात पळाली. आणि गार्गीताईंना असं हसू फुटलं की पडद्यावर नुसतं छत दिसायला लागलं.

“आजी, पटलं!” छताने सांगितलं. “असं बोलणारं मशीन अजून निघालेलं नाही.”

त्यांनी तिथल्या तिथे ग्रुपात लिहिलं, की आजी जिवंत आहेत, बोटं खरी आहेत, कोणी वाद घालू नये. सायलीचा ग्रुप वाचला. पण पुस्तक?

“ते मी सकाळीच दुसरीला दिलं गं,” ताई म्हणाल्या. “तू अंगठा दिलास ना!”

घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सहा बोटांनी काही बिघडवलं नव्हतं, सगळा सत्यानाश त्या एका अंगठ्याने केला होता. मी तो अंगठा पदराखाली लपवला.

ताईंनाच दया आली असेल. “माझ्याकडे आणखी एक गोष्ट पडून आहे,” त्या म्हणाल्या. “एका म्हाताऱ्या भुताची. झाडावर राहतं, मुलांशी गप्पा मारतं. आतापर्यंत कोणालाच ते भूत जमलेलं नाही. बघतेस करून? एक चित्र पाठव. आवडलं तर पुस्तक तुझं.”

सायली पडद्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. त्या नजरेचा अर्थ मला फार उशिरा कळला.

दुसऱ्या दिवशी तिने मला पांढरं लुगडं नेसवलं, केस मोकळे सोडायला लावले आणि खिडकीत बसवलं. हलायचं नाही, बोलायचं नाही. (बोलायचं नाही, हे ऐकून सून आपलं काम सोडून बघायला आली.) मी कुरकुर केली नाही. अंगठ्याचं प्रायश्चित्त होतं.

चित्र झालं. मुलगा बुटीबोरीहून आला, चित्र पाहिलं आणि आपोआप पायातल्या चपला काढून उभा राहिला. सून म्हणाली, “डिट्टो आई!” आणि दोन पावलं मागे सरकली. मलाही आवडलं. सुरकुत्या सगळ्या जागच्या जागी, एकही सोडली नव्हती पोरीने. चित्र पुण्याला गेलं.

संध्याकाळी उत्तर आलं. क्लास की पुस्तक, याचा निकाल होता, म्हणून सगळे गोळा झालो. सायलीने मोठ्याने वाचलं, “‘अभिनंदन! पुस्तक तुझं. भूत मस्त झालं आहे. फक्त एकच बदल कर. लहान मुलं घाबरतील. त्यात आजी थोडी कमी कर आणि भूत थोडं वाढव.’”