खंडेनवमीला अडकलेली मेंढरं

‘ब्राउझ’ लिहिलेलं ते बटण मी त्या दिवशी किती वेळा दाबलं असेल, देव जाणे. दाबलं की खिडकी पांढरीफटक पडायची, निळं कडं गरगर फिरायला लागायचं आणि वर अक्षरं उमटायची, नॉट रिस्पॉन्डिंग. अरे, मग रिस्पॉन्ड कर की! मी स्क्रीनला मोठ्यानं शिव्या घालत होतो. खंडेनवमीचा दिवस, अकरा वाजून गेलेले, आणि पाचच्या आत फाइल पोचली नाही तर अप्पांची मेंढरं मागावर चढणार नव्हती.

अप्पा म्हणजे माझे वडील. पोरवयात मैंदर्गीहून सोलापुरात आले आणि चाळीस वर्षं चादरींची डिझाइनं काढत राहिले, आधी चौकटीच्या कागदावर, मग कॉम्प्युटरवर. मेंढरांचं डिझाइन मात्र त्यांनी कुणी न सांगता काढलं होतं. काठाकाठानं मेंढरांची रांग आणि मधे नुसतं माळरान, कोरं. तीन वर्षं जो तो कारखानदार म्हणायचा, मास्तर, मधे काहीतरी भरा, चादर भरलेली दिसली पाहिजे. अप्पांनी भरलं नाही. शेवटी एकाला ते आहे तसं आवडलं आणि दसऱ्याच्या पूजेनंतर नव्या मागावर पहिली चादर हीच काढायची असं त्यानं ठरवलं. फक्त मागात डिझाइन भरणारा माणूस परगावचा होता, आदल्या दिवशी पाचला निघणार होता. त्याआधी फाइल आली नाही तर मुहूर्ताला मोराचं जुनंच डिझाइन लागणार होतं.

अप्पांचं सॉफ्टवेअर जुनाट, नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही. म्हणून मी माझ्या लॅपटॉपच्या पोटात व्हर्च्युअल मशीन बसवलं होतं, म्हणजे नव्याच्या आत एक नकली जुना कॉम्प्युटर. अप्पा बाहेरच्या खोलीत आपल्या जुन्या यंत्रावर काढणार, मी आत बसून ते या नकली यंत्रात उघडणार आणि नव्या मागाला कळेल अशी फाइल करणार. ब्राउझ दाबायचं, फाइल निवडायची, झालं. एरवी दोन मिनिटांचं काम.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही असा अप्पांचा नेम. बाहेरच्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटर हळदीकुंकू लावून, झेंडूचा हार घालून बसला होता. माझ्या लॅपटॉपलाही ते कुंकू लावायला आले होते. मी म्हटलं, “अप्पा, हे हत्यार न्हाय, फोनसारखंच हाय.” ते वाटी घेऊन परत गेले होते.

आता मी लॅपटॉप बंद करून चालू केला. व्हर्च्युअल मशीन काढून पुन्हा टाकलं. अँटिव्हायरस बंद केला. उठलो, पाणी प्यायलो, खोलीत फेऱ्या मारल्या, पुन्हा बसलो. पुन्हा तेच पांढरं, तेच कडं. अंग घामानं चिकचिकलं होतं आणि डोकं भणभणत होतं. एकदा अप्पा दाराशी आले. “अरं, जरा ऐक की…” मी मान वर न करता म्हटलं, “मागनं सांगा.” दुपारी दोनच्या सुमारास ते पुन्हा आले, तेव्हा मी सरळ खेकसलो. “अप्पा, ह्यातलं तुमाला काय कळतंय? गप बसा की जरा!” ते गेले.

साडेतीनला इंटरनेटवर कुठल्याशा अनोळखी माणसानं लिहिलेल्या चार ओळी सापडल्या. ब्राउझ दाबलं की कॉम्प्युटर जोडलेल्या सगळ्या ठिकाणांना हाक मारतो. त्यातलं एखादं बंद असलं तर उत्तराची वाट बघत तसाच थिजून राहतो. ती तुटलेली जोडणी काढून टाका.

माझ्या लॅपटॉपला जोडलेलं असं ठिकाण एकच होतं, अप्पांचा कॉम्प्युटर. मी ती जोडणी तोडली आणि ब्राउझ दाबलं. खिडकी पटकन उघडली. आनंदानं मी टेबलावर थाप मारली. मग आत बघितलं तर मेंढरांची फाइल नव्हतीच. ती माझ्याकडे आलीय असं मी धरून चाललो होतो. माझ्याकडे होता तो तिच्यापर्यंत जाणारा रस्ता, आणि तो मी आत्ताच तोडला होता. फाइल बाहेरच्या खोलीत होती, हाराखाली.

मी बाहेर आलो. अप्पा खुर्चीत बसले होते.

“मी सकाळीच यंत्राची पिन काढून ठिवलीया,” ते म्हणाले. “तेच सांगाया आलतो. काल सांजच्यालाबी म्हनलं हुतं, पूजेआधी धाडून टाक.”

म्हणाले होते. मी मोबाइल बघत बघत उद्या बघू म्हटलं होतं. मला लाज वाटली. म्हटलं, “ऱ्हाऊ द्या अप्पा. कारखान्यात फोन करून सांगतो, मोर लावा म्हनून.”

अप्पांनी त्या हाराकडे बघितलं. चार वाजत आले होते. मग ते उठले, यंत्रापुढे हात जोडले, हार काढून पाटावर ठेवला आणि वाकून स्वतः पिन लावली. “काढून घे बिगी बिगी,” एवढंच म्हणाले. मी जोडणी पुन्हा जोडून फाइल घेतली, आत जाऊन मागासाठी तयार केली आणि पाठवली तेव्हा पाचला दहा मिनिटं होती. बाहेर येऊन बघतो तर यंत्र पुन्हा बंद, हार पुन्हा जागेवर, आणि अप्पा नव्यानं कुंकू लावत होते.

दसऱ्याला मेंढरं मागावर चढली. कारखानदारानं पहिली चादर अप्पांच्या हातात दिली. कोऱ्या माळरानावरून त्यांनी दोनदा हात फिरवला आणि घरी आल्यावर ती मला दिली. “तुज्यामुळं झालं,” म्हणाले. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं. चाळीस वर्षांचा त्यांचा नेम माझ्यामुळंच मोडला होता, आणि त्याबद्दल ते आजवर एक शब्दही बोललेले नाहीत. त्या चादरीची घडी मी अजून मोडलेली नाही.